ठेवते म्हटल्यानंतर

विजयाबाईंचा फोन नेहमीप्रमाणे संध्याकाळी आला. जळगावात थंडी पडली होती आणि बाजारात भरताची वांगी आली होती. इकडे कोल्हापुरात शलाका कॉलेजच्या ग्रंथालयातून नुकतीच घरी आली होती आणि पर्स अजून खांद्यावरच होती.

"काय गं, पोचलीस?"

"आत्ताच. बोल, जरा घाईत आहे."

"रविवारी गच्चीवर भरीत करायचं ठरतंय. कुमुद आहे, आमच्या बोर्डावरच्या आणखी चौघीजणी आहेत. कपाशीच्या काड्यांवर भाजायची वांगी, गॅसवर नाही. येतेस?"

"या रविवारी? आई, सोमवारी विद्यापीठाची समिती येतेय. अर्धी कपाटं रिकामी करून बसलोय आम्ही. नाही जमणार."

"मग राहू दे."

"पुढच्या महिन्यात बघते ना."

"बरं. ठेवते."

आणि फोन बंद झाला. पाठोपाठ पडद्यावर रोजची पाटी उमटली : *या संभाषणाचं उर्वरित उपलब्ध आहे. ऐकण्यासाठी 'संपूर्ण' घ्या.* शलाकाने ती रोजच्यासारखी अंगठ्याने बाजूला सारली. आत कुकर लावला, भाजी निवडायला घेतली. मेथीची जुडी सोडताना ते "बरं" तिच्या कानात पुन्हा वाजलं. आई दुखावली का? विचारायचं तर पुन्हा फोन करावा लागला असता, आणि त्यांच्या घरात असं कुणी कुणाला विचारत नसे. उद्या बोलू, असं तिने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुमुद धांडे फिरायला जाण्यासाठी हाक मारायला आल्या, तेव्हा विजयाबाईंनी दार उघडलं नाही. झोपेतच गेल्या होत्या. अंगावरची चादरसुद्धा विस्कटलेली नव्हती.

त्या "बरं"ने शलाकाला पुढचे दिवस का छळलं, हे समजायला त्या काळातले फोन कसे चालत हे सांगायला हवं.

पूर्वी फोनवरून आवाज जायचा. माणूस बोललं की हवेत उठणाऱ्या लहरी फोन मोजायचा, त्यांचे आकडे करायचा आणि ते सगळे आकडे पलीकडे धाडायचा. त्यात शब्द असत, तसाच श्वास, खोकला, पंख्याची घरघर आणि शेजारच्यांचा टीव्हीही असे. पुढे चालकाविना धावणाऱ्या गाड्या, शेतातले पंप, दारादारांवरचे कॅमेरे असे सगळेच हवेतून एकमेकांशी बोलायला लागले आणि माणसांच्या बोलण्याला जागा पुरेना. तेव्हा 'सारक' नावाची चिप निघाली. ती बोलण्यातला अर्थ तेवढा वेचून घ्यायची, त्याच्या मोजक्या खुणा पाठवायची, आणि पलीकडचा फोन त्या खुणांवरून बोलणाऱ्याच्याच आवाजात वाक्य नव्याने उभं करायचा. दुधाऐवजी दुधाची भुकटी पाठवावी आणि पलीकडच्याने त्यात पाणी घालून प्यावं, तसा प्रकार. चव पुष्कळशी तीच. साय मात्र येत नाही.

ही साय म्हणजे बोलण्यातले थांबे, हुंकार, "अगं", "म्हणजे बघ", "आणखी काय", आणि शब्दांचे सूर. एकट्या "बरं"चे शंभर सूर मराठी माणूस सहज ओळखतो. सारकाच्या साच्यात त्याला एकच सूर होता.

खरं तर साय पाठवणंही फोनला जमत होतं. ती सोय प्रत्येक फोनमध्ये बसवूनच येई. पण स्वरजाल कंपनीने तिला दुरून कुलूप लावलं होतं. फोन लोकांनी विकत घेतलेला, कुलूप कंपनीचं. साधं 'नेमकं' घेतलं तर फक्त अर्थ जायचा. 'संपूर्ण'चे जादा पैसे भरले तर कुलूप निघायचं. बहुतेकांनी नेमकंच घेतलं. बोलायचंच तर आहे, त्याला साय कशाला, असं लोकांना वाटलं.

नेमकंमध्ये आणखी एक कलम होतं. निरोपाचा शब्द आला की संभाषण संपलं असं समजून फोन तोडायचा. यंत्राला हे ज्या संभाषणांवरून शिकवलं होतं, ती सगळी परदेशातल्या कचेऱ्यांमधली होती. तिथली माणसं निरोप घेतला की खरंच जात असावीत. आपल्याकडे "निघतो" म्हटल्यावर चपला घालून अर्धा तास दारात उभं राहायची पद्धत, आणि मुद्द्याचं बोलणं तिथेच निघतं. फोनवरही तेच. "ठेवते हं" म्हटल्यावरच आठवतं की खरं काय सांगायचं होतं.

मग गमती सुरू झाल्या. जळगावच्या केळीच्या व्यापाऱ्यांचे सौदे फिसकटू लागले, कारण शेवटचा भाव "बरं, ठेवतो मग" याच्यानंतर बोलायची त्यांची रीत. लग्नं जुळवणारे वैतागले. मुलीकडच्यांच्या मनात काय आहे ते ठेवतो-ठेवतोच्या पुढेच कळायचं. डॉक्टर सांगू लागले की रोगी फोनवर सर्दीच सांगतात, आणि छातीतल्या दुखण्याचं जे शेवटी निघायचं ते निघतच नाही. काही हुशार लोक "ठेवतो"च्या जागी भलतेच शब्द वापरू लागले, तर महिन्याभरात सारक तेही शिकला. हळूहळू मग सगळ्यांनाच सवय झाली. फोन छोटे झाले, लवकर उरकू लागले, आणि वेळ वाचतो असं लोक एकमेकांना सांगू लागले.

लोक निरोपानंतर मोलाचं बोलतात, हे कंपनीच्याही ध्यानात आलंच. तिने कात्री थांबवली नाही, कापलेला तुकडा विकायला ठेवला. फोन तुटला तरी बोलणाऱ्याला ते कळू द्यायचं नाही, त्याच्या कानात चालू लाइनीसारखी हलकी खरखर सोडायची, तो बोलेल ते महिनाभर साठवायचं आणि ऐकणाऱ्याला पाटी दाखवायची : उर्वरित उपलब्ध आहे. कोपऱ्यात नाचणाऱ्या इतर जाहिरातींमध्ये ही पाटी कुणी वाचत नसे. शलाकाने आयुष्यभर पुस्तकं वाचली होती, पण तीही वाचत नसे.

जळगावला दिवसकार्य उरकलं. पाहुणे गेले. नवरा रजा संपल्यावर कोल्हापूरला परतला. शलाका मागे राहिली आणि घर आवरू लागली. रडणं तिला जमत नव्हतं, कामं जमत होती. तिने गॅस बंद करायला दिला, पेन्शनच्या कचेरीत कळवलं, पेपर थांबवला, आईचा फोन नंबर बंद करण्याचा अर्ज दिला. कपाटातल्या साड्या बाहेर काढल्या आणि परत आत ठेवल्या.

कुमुदमावशी रोज दुपारी डबा घेऊन येत. विजयाबाई आणि कुमुदमावशी टेलिफोन खात्यात ट्रंक एक्स्चेंजवर एकदमच लागल्या होत्या. शेजारी-शेजारी खुर्च्या, समोर भोकांचा बोर्ड, परगावचे फोन जोडायला हातात दोऱ्या. पुढे यंत्रं आली, बोर्ड भंगारात गेला आणि दोघींना बिलाच्या खिडकीवर बसवलं. पण दोघी एकमेकींना शेवटपर्यंत "बोर्डावरची" म्हणत.

"खा गं चार घास," मावशी म्हणाल्या. "इतकी आवराआवर कशाला लावलीयेस? तुझी आई काही परत येऊन तपासणार नाही."

"मावशी, एक विचारू?" शलाकाने ताट पुढे ओढलं, पण हात लावला नाही. "आदल्या दिवशी मी येत नाही म्हटलं. आई रागावली होती का?"

"विजू? रागावली?" मावशींना खरंच नवल वाटलं. "मी समोर बसून वाटाणे सोलत होते. फोन चालू होता तेव्हा हसत होती की तुझ्याशी. केवढं बोलली. मला म्हणाली, तू सोल, माझे हात अडकलेत."

"नाही मावशी. चार वाक्यं झाली फक्त. बरं, ठेवते, म्हणाली आणि संपलं."

"अगं, माझे वाटाणे सोलून झाले तरी बोलत होती! तू ऐकत होतीस ना?"

शलाकाने ताट बाजूला सारलं. मावशीच पुढे म्हणाल्या, "रोजचंच होतं ते. ठेवते म्हणायची आणि मग खरी सुरू व्हायची. मी म्हणायची, अगं पोरीला स्वयंपाक असेल. तर म्हणायची, असू दे, ऐकेल सावकाश."

शलाका उठली. तिने फोन उघडला आणि बाजूला सारलेल्या पाट्या जिथे जाऊन पडतात ती जागा शोधली. तिथे त्या होत्या. रोजची एक, एकाखाली एक, महिनाभरातल्या. सगळ्यांवर आईचं नाव. आणि सगळ्यात वर आज आलेली एक वेगळी पाटी होती : *या नंबरची सेवा आज बंद होत आहे. उर्वरित त्यासोबत पुसलं जाईल.*

तिचाच अर्ज. तो इतका वेळेवर दिला होता तिने.

"मावशी, स्वरजालचं दुकान कुठेय इथे?"

"चल, दाखवते. पण आधी चप्पल घाल, अनवाणी निघालीयेस."

रिक्षात बसेपर्यंत शलाकाने कंपनीला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा यंत्राने तिचं म्हणणं ऐकलं, "समजलं, धन्यवाद" म्हणालं, आणि धन्यवादावर स्वतःच फोन तोडला.

दुकानात काउंटरवर हर्षाली नावाची मुलगी होती. तिने नंबर टाकून पाहिला आणि मान हलवली.

"मॅडम, बंद करायचा अर्ज तुमचाच आहे."

"माझाच आहे. तो परत घ्यायचाय."

"ज्यांचा नंबर आहे त्या वारल्यात असं लिहिलंय इथे. मग परत कसा घेणार?"

"अगं, वारलीय म्हणूनच ऐकायचंय ना," मावशी मध्येच म्हणाल्या. "जिवंत असती तर तिच्या घरी गेलो नसतो का?"

हर्षाली जरा गोंधळली, मग तिने पुन्हा पडदा वाचला. "थांबवता येईल. कारण मात्र द्यावं लागतं, आणि यादीत तुमचं कारण नाहीये. मी 'इतर' टाकते." तिने ते टाकलं. "हं, थांबलं. पण उर्वरित ऐकायला तुमच्या नंबरवर संपूर्ण घ्यावं लागेल. त्यात दोन प्रकार आहेत. 'संपूर्ण साधं'मध्ये आजपासूनचं मिळतं. मागचा महिना हवा असेल तर 'संपूर्ण आपुलकी'."

"आपुलकी म्हणे!" मावशींनी पदर खोचला. "आमच्याकडे ट्रंक कॉलचे ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग एवढेच दर होते. आपुलकी लोक आपापली आणायचे."

हर्षालीला हसू आवरेना. "मावशी, हे आमच्या साहेबांना सांगा ना."

"बोलाव, सांगते."

शलाकाने पैसे भरले. हर्षालीने तिच्या फोनवर काहीतरी दाबलं. कुलूप निघायला एवढंसं पुरलं. नवीन काही बसवावं लागलं नाही, सगळं आधीपासून आतच होतं. पैसे जादा गेल्याचं तिला वाटलं नाही. इतका स्वस्त दरवाजा आपण इतके दिवस उघडला नाही, याचंच वाटलं.

घरी आल्यावर मावशी म्हणाल्या, "तू ऐक. मी चहा टाकते. मी काय, समोर बसून ऐकलेलंच आहे सगळं."

शलाका आईच्या नेहमीच्या खुर्चीत बसली नाही, खाली चटईवर बसली, भिंतीला टेकून. ऊन खिडकीतून आत आलं होतं. तिने सगळ्यात जुनं उर्वरित लावलं.

"...हं, आणि ते राहिलंच. तू सांगितलेलं पुस्तक आणलं मी वाचनालयातून. चांगलं आहे, पण ती बाई फार रडते गं. प्रत्येक प्रकरणात रडते. मी म्हटलं, बये, एकदा तोंड धू आणि काय ते ठरव."

शलाकाला हसू फुटलं. आवाज आईचा होता, पण किती दिवसांत न ऐकलेला. वाक्यांच्या मध्ये आईचा श्वास होता. मागे पंखा होता, कुणाची तरी स्कूटर होती, आणि मध्येच आई गप्प बसून काहीतरी विचार करत होती तेही होतं. त्या गप्प बसण्यालाही आईचाच सूर होता.

मग एकामागून एक. समोरच्या मांजरीला पिल्लं झाली, त्यांतलं एक आपल्या बाल्कनीतून हलायला तयार नाही. गुडघा दुखतो, पण फार नाही, कुमुदपेक्षा कमी. वाचनालयातल्या मुलाला कविता आणि पाककृती यांची कपाटं वेगळी ठेवता येत नाहीत, तू एकदा येऊन त्याला झाप. शलाका ऐकत राहिली. मावशींनी चहा आणून ठेवला, तो निवला. आई एकटी पडली असेल, कंटाळत असेल, फोन ठेवल्यावर तशीच बसून राहत असेल, असं काहीबाही मनात घेऊन ती इतके दिवस कोल्हापुरात वावरत होती. इथे तर बाई मजेत होती. तिचा दिवस तुडुंब भरलेला होता, आणि तो सगळा ती रोज संध्याकाळी लेकीच्या ओंजळीत ओतत होती.

एका उर्वरितात विजयाबाई म्हणाल्या, "मला कळतं हं, तू गेलीस ते. ही खरखर खोटी आहे. इतकी वर्षं हेडफोन लावलाय मी, जिवंत लाइन आणि मेलेली लाइन मला कानाने समजते. कंपनीला वाटतं म्हातारीला फसवलं. पण मला चालतं. बोर्डावर आम्ही दिवसभर लोकांची बोलणी जोडायचो, मध्ये बोलायची सक्त मनाई. 'तीन मिनिटं झाली, वाढवायचं का' एवढंच आमचं वाक्य. कुणी रडायचं, कुणाला मुलगा झालेला असायचा, आणि आम्ही विचारायचं, वाढवायचं का! तेव्हाचं सगळं साठलंय. आता बोलून घेते. ही कंपनी खुळी आहे, शला. ऐकायचे पैसे घेते, बोलायला फुकट आहे."

स्वयंपाकघरातून मावशींचा आवाज आला. "ते तीन मिनिटांचं आलं का? ती ते सगळ्यांना सांगायची."

"आलं," शलाका म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती.

शेवटची पाटी उरली. तिचा अंगठा तिच्यावर जरा वेळ थांबला. ते "बरं" या तुकड्याच्या सुरुवातीला असणार, सायीसकट. आई दुखावली होती की नाही, ते आता कळणार होतं, आणि नंतर विचारायला कुणी नव्हतं.

तिने लावलं.

"बरं. ठेवते."

विजयाबाईंच्या तोंडात वाटाणे होते. ते "बरं" भरल्या तोंडाचं, गडबडीतलं, आणि शेवटी थोडं हसरं होतं. त्यांनी घास गिळला आणि बाजूला वळून म्हटलं, "नाही येत गं ती. समिती आहे तिची."

मावशींचा दुरून आवाज, "मग मिरच्या आपल्या हिशोबाने टाकूया."

"टाक, टाक. कोल्हापुरात राहूनही हिला तिखट झेपत नाही. कुणावर गेलीय कोण जाणे." मग आवाज पुन्हा जवळ आला. "शला, तू समितीचंच बघ. भरीत काय, वांगी काही संपत नाहीत. वाईट-बिईट वाटून घेऊ नकोस. तुझा स्वभाव तसा, म्हणून सांगते. फोन ठेवल्यावर बसली असशील मेथी निवडत आणि विचार करत."

शलाकाने डोळे मिटले.

"आणि एक कितीतरी दिवस विचारीन म्हणते. रोज फोन उचलतेस आणि म्हणतेस, घाईत आहे. पण उचलतेस पहिल्या रिंगला. पूर्ण रिंगसुद्धा होऊ देत नाहीस. घाईतलं माणूस असं उचलत नाही गं. घाईतलं माणूस फोन शोधतं, हात पुसतं, चार रिंगा घेतं. हजारो माणसांना जोडून दिलंय मी, कोण फोनजवळ बसून असतं ते मला पहिल्या रिंगला कळतं." विजयाबाई थांबल्या. वाटाण्याची एक शेंग कट्टकन फुटल्याचं ऐकू आलं. "खरं सांग. वाट बघतेस ना माझ्या फोनची?"

आणि मग त्या बोलल्या नाहीत. पलीकडे कुणी नाही हे ठाऊक असूनही, उत्तराला पुरेल एवढी जागा त्यांनी सोडली. मागे पंखा फिरत होता, टोपलीत वाटाणे पडत होते, आणि त्यांचा श्वास सावकाश, स्वस्थ चालू होता.

शलाकाने फोन कानाशी आणखी जवळ धरला.

"हो, आई," ती मोठ्याने म्हणाली. "बघते. दुपारपासूनच बघत असते."